खांबाची समुद्राकडची बाजू

आमच्या घरात कागदाला मधोमध घडी घालायचं काम माझं होतं. आण्णा सुतार. गडहिंग्लजला आमचं राहतं घर आणि आण्णांचं काम एकाच पत्र्याखाली चाले, मधे फक्त गोणपाटाचा पडदा. त्यामुळे मी लाकूड तासायच्या वाकसाच्या ठोक्यांवर उठत असे, रंध्याच्या आवाजात पाढे म्हणत असे, आणि भाकरीबरोबर थोडा सागाचा भुसा पोटात जाई त्याचं कुणाला काही वाटत नसे. दाराच्या चौकटीवर बसवायच्या गणेशपट्ट्या ही आण्णांची खासियत होती. मधे गणपती, दोन्ही अंगांना वेल आणि वेलीवर एकेक मोर. आण्णा पातळ कागदावर फक्त एका बाजूची वेल पेन्सिलीने काढत. मग कागद माझ्याकडे येई. मी त्याला मधोमध घडी घालायची, कडा जुळवायच्या आणि रेषेरेषेवर सुईने टोचत जायचं. घडी उघडली की दोन्ही बाजूंना सारखी भोकं. तो खाका लाकडावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की काळ्या ठिपक्यांत वेल उमटे, इकडे आणि तिकडे अगदी एकसारखी. भावाच्या हातात वाकस गेला, माझ्या हातात सुई. वळणावर भोकं जवळजवळ घ्यायची, सरळ रेषेवर लांब लांब, हे मला कुणी शिकवलं नाही, आपोआप कळत गेलं.

एकदा घाईत मी गणपतीचीही घडी घातली. आण्णांनी एका बाजूचं रेखाटन कच्चं करून ठेवलं होतं, मला वाटलं हेही टोचायचं आहे. घडी उघडली तर गणपतीला दोन सोंडा, एक डावीकडे, एक उजवीकडे. आण्णा आधी खूप हसले. पडद्याआडून आईला हाक मारून म्हणाले, "अगं ये, तुझ्या लेकीनं नवा द्येव काढलाय बघ!" मग हसू ओसरल्यावर त्यांनी कागद फाडला आणि म्हणाले, "वेल घडीवर काढायची. मोर घडीवर काढायचा. द्येव घडीवर काढायचा न्हाई. त्येचं डावं येगळं, उजवं येगळं असतंय." मी मान हलवली. तेव्हा मी चौथीत असेन. एवढं सांगून आण्णा कामाला लागले आणि मीही दुसरा कागद घेतला.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि तिथल्या सरांनी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली सागाचा काप दाखवला. ज्या लाकडाचा भुसा मी केसांतून झटकत आले होते ते आतून असं दिसतं, हे पाहून मी बराच वेळ उठलेच नाही. सर म्हणाले, "आवडलं ना? मग याच्या मागे लाग." मी लागले. जपानच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज सरांनीच भरून घेतला. ती मला पहिल्या यादीत मिळाली नव्हती. मग तो मोठा भूकंप झाला, समुद्र आत आला, आणि यादीतल्या काही जणांच्या घरच्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्यामुळे नाव माझ्यापर्यंत आलं. दुसऱ्यांच्या भीतीतून रिकामी झालेली जागा मला मिळाली, हे मी तेव्हाही विसरले नव्हते आणि आजही विसरलेले नाही. आईने विचारलं, "जमीन हालती म्हनं तिथं?" आण्णा म्हणाले, "लाकडाचं शिकायला निघालीय. लाकडाची घरं हालत्यात, मोडत न्हाईत." हे अर्धसत्य होतं, पण त्याच जोरावर मी निघाले.

टोकियोच्या पूर्वेला, नदी ओलांडली की इचिकावा लागतं. तिथे मी मेधावहिनींच्या घरात एका खोलीत भाड्याने राहत होते. वहिनी दादरच्या, त्यांचे यजमान शिरीषदादा मुंबईच्या एका बँकेकडून तिथल्या शाखेत आलेले, आणि सात वर्षांची ईरा, जिच्याशी मराठीत बोललं तर ती जपानीत उत्तर देई. तिला रोज अर्धा तास मराठी वाचायला शिकवायचं हे माझ्याकडे होतं. भूकंपानंतर त्यांच्या इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं परत गेली होती. वहिनी गेल्या नव्हत्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, "अगं, भाजणी नुकतीच दळून आणली होती, ती टाकून कुठे जाऊ?" ते घर मला अजून आवाजांनी आठवतं. जमीन हलायच्या आधी काही क्षण सगळ्यांचे फोन एकदम ओरडत, मग कपाटाच्या काचा किणकिणत, मग ईरा टेबलाखालून सांगे, "झालं." संध्याकाळी पाच वाजता गल्लीतल्या खांबावरच्या भोंग्यातून एक संथ धून वाजे, मुलांनी घरी जावं म्हणून. ती धून वाजली की वहिनी तवा चढवत. थालीपिठाचा वास, बाल्कनीत वाळणारे कपडे आणि वर्गवारी करून बांधून ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, हे माझं जपानमधलं पहिलं घर.

माझे गुरू मोरिता-सेन्सेई. जुनं लाकूड टिकवणं हा त्यांचा विषय. देवळांचे खांब, होड्या, पूल, जे कुजायला आलं आहे ते त्यांच्याकडे येई. बोलणं कमी, हात फार हळू. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे खाडीकाठच्या एका छोट्या संग्रहालयाचं काम आलं. त्यांच्या अंगणात एक कोरलेला खांब होता, दोन मजली घराएवढा उंच. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे काही बेटं आहेत, तिथल्या हैदा लोकांपैकी एका कारागिराने तो काही दशकांपूर्वी त्याच अंगणात बसून, तिकडून आणलेल्या एका सिडारच्या ओंडक्यातून कोरला होता. दोन गावांच्या मैत्रीची भेट म्हणून. भूकंपात त्या भरावाच्या जमिनीतून वाळू आणि खारं पाणी वर आलं, खांब समुद्राकडे कलला आणि आधीच भेगाळलेली त्याची समुद्राकडची बाजू खालून सडत गेली. तो उतरवायचा होता. उतरवताना ती सडलेली कवची टिकणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून उतरवण्याआधी त्याच्या अंगावरची प्रत्येक रेषा कागदावर घ्यायची होती, खऱ्या मापाची. हे काम सेन्सेईंनी मला दिलं. "तुझे वडील कोरतात ना?" एवढंच म्हणाले.

मी त्याआधी अशा खांबांची चित्रंच पाहिली होती, आणि चित्रांत ते मला भयंकर वाटले होते, नुसते डोळे आणि दात. जवळून पाहिल्यावर तसं वाटलं नाही. सगळ्यात वर उंच टोपी घातलेला एक माणूस बसलेला, पहारेकरी. त्याच्या खाली लांब चोचीचा कावळा. सगळ्यात खाली बीव्हर, दातांनी झाडं पाडून पाण्यात घर बांधणारा प्राणी. पुढचे दोन मोठे दात आणि पोटावर वर वळवलेली, चौकड्या कोरलेली शेपटी यांवरून तो ओळखायचा. पण मला जी गोष्ट गुंतवून ठेवी ती प्राण्यांची नव्हती, रेषेची होती. काळ्या रंगाची एक जाड रेषा सबंध प्राण्याभोवती फिरते. कुठे फुगते, कुठे बारीक होते, पण तुटत नाही. दोन रेषा भेटतात तिथे दोघीही निमुळत्या होतात, जणू एकमेकींना वाट देतात. तिच्या आत लाल रेषा, आणि लालच्या आत उरलेल्या जागेत निळसर हिरवा रंग. डोळ्याचा आकार ना गोल, ना चौकोनी. जेवायच्या पाटाचे चारही कोपरे घासून गोल करावेत आणि मग खालची कड किंचित आत दाबावी, तसा. आणि तो आकार फक्त डोळ्यांत नव्हता. खांद्यात, कोपरात, पंज्यात, शेपटीच्या मुळाशी, जिथे जिथे सांधा तिथे तो होता. वाकसाचे ठसे घासून काढलेले नव्हते. पावसाचे थेंब पाण्यावर पडल्यासारखे ते ओळीने दिसत. त्या ठशांवर बोट फिरवलं की मला त्या माणसाचा हात किती लांबून येत असेल ते कळे. आण्णांचे ठसे थोडे आखूड असत.

खांबाचं तोंड काठाला समांतर होतं, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याचा अर्धा भाग रस्त्याकडे येई आणि अर्धा समुद्राकडे. रस्त्याकडची बाजू घ्यायला मला चार दिवस लागले. जपानी पातळ कागद लाकडाभोवती लपेटायचा आणि मऊ पेन्सिलीने रेष उतरवायची. त्या बाजूला रंग शाबूत होता, लाकूड घट्ट होतं. पाचव्या दिवशी मी समुद्राकडे वळले. तिथे रंग नव्हता. शेवाळ होतं, आणि त्याखाली लाकूड ओल्या पावासारखं. कागद टेकवला की चुरा हातावर येई. बीव्हरची भुवई मिळाली, एक दात मिळाला, गालाचा थोडा भाग. कानापाशी शेवाळाखाली अंगठ्याएवढा एक उंचवटा बोटाला लागला. गाठ असेल असं मी मनात म्हटलं. शेवाळ सोडवून पाहिलं असतं तर कान निखळला असता. क्रेन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि दुपारी पाऊस लागला.

मी जे मिळालं ते रस्त्याकडच्या बाजूशी ताडून पाहिलं. भुवई जुळत होती. दात जुळत होता. गालही. मी प्रयोगशाळेत परत आले, बीव्हरचा कागद टेबलावर पसरला, नाकाच्या मधोमध आलेल्या रेषेवर घडी घातली, आणि माझ्या शिवणाच्या डबीतली सुई काढली. मी फसवते आहे असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, जे होतं ते सांगते. हाताला ते काम इतकं ओळखीचं होतं की विचार मधे आलाच नाही. वळणावर भोकं जवळजवळ, सरळ रेषेवर लांब लांब. घडी उघडली, ठिपके पेन्सिलीने जोडले. दुसऱ्या दिवशी खांब उतरवताना समुद्राकडची कवची अपेक्षेप्रमाणे ढासळली आणि तिचा चुरा पिशव्यांत भरून, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून कपाटात ठेवला गेला. त्या बाजूचा एकही चांगला फोटो संग्रहालयाकडे नव्हता, कारण तिकडून उभं राहायला जागा नव्हती, कठडा आणि खाली पाणी. आता त्या बाजूची नोंद म्हणजे माझा कागद.

सेन्सेईंना तो फार आवडला. त्यांनी तो भिंतीवर लावला. माझी शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती, पुढच्या वर्षासाठीच्या अर्जाला हेच काम जोडायचं ठरलं. ती वाढली नसती तर पदवी अर्धी टाकून मला परत यावं लागलं असतं. गडहिंग्लजला आण्णा येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "लेक डाक्टर व्हनार, लाकडाची."

मग मार्था आल्या. खांब कोरणाऱ्या कारागिराची भाची. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांची वेणी घातलेल्या. हैदांमध्ये खांबावरचे प्राणी ज्या त्या घराण्याचे असतात, दुसऱ्या कुणाला ते काढायचाही हक्क नसतो. म्हणून पुढे काय करायचं हे घराण्यातल्या कुणीतरी येऊन सांगावं, असं संग्रहालयाने त्यांना कळवलं होतं. त्या आधी आडवा ठेवलेला खांब पाहून आल्या. मग प्रयोगशाळेत भिंतीवरच्या कागदापुढे उभ्या राहिल्या आणि बोटाने रेष हवेत गिरवत गेल्या. रस्त्याकडची सगळी बाजू गिरवून झाली. समुद्राकडे आल्यावर बोट हळू झालं, मग कानापाशी थांबलं.

"समुद्राकडच्या कानात काही होतं?" त्यांनी मला विचारलं.

सेन्सेई माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, फक्त विद्यार्थिनीने नीट उत्तर द्यावं एवढी अपेक्षा होती.

"नाही," मी म्हटलं. "दोन्ही बाजू सारख्या होत्या."

मार्थांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. बाहेर पाचची धून वाजायला लागली. इतक्या वर्षांत ती धून मी हजार वेळा ऐकली असेन, पण आता कधी आठवली तर त्या "बरं"नंतरचीच आठवते.

मी घरी सांगितलं की त्या बेटांवरच्या एक बाई आल्या आहेत, एकट्याच हॉटेलात राहतात. वहिनी म्हणाल्या, "एकट्या? मग रविवारी जेवायला बोलव की! तिखट चालतं का विचार आधी." रविवारी दुपारी मार्था आल्या. थालीपीठ, लोणी, काकडीची कोशिंबीर, आणि शिरीषदादांच्या हट्टाने आमरस, डब्यातला. मार्थांनी थालीपिठाच्या मधल्या भोकात बोट घालून विचारलं हे कशाला. वहिनी म्हणाल्या, "तेल आत जायला हो, दुसरं काय!" आणि मग त्याचं इंग्रजी करताना खूप हसल्या. मार्था सांगत होत्या की त्यांच्या किनाऱ्यावर आता जपानमधल्या वस्तू वाहून येतात, मासेमारीचे तरंगते गोळे, चपला. एकदा घराची एक तुळई आली, खाचा पाडलेली, एकही खिळा नसलेली. "ती मी अंगणात ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची आहे ते माहीत नाही, पण कुणीतरी नीट केली आहे."

ईराने त्यांना इंग्रजीत विचारलं, "तो खांब तुमचा आहे?"

"माझ्या मामाने केला. तो इथे आला तेव्हा मी तुझ्याएवढी होते. तो जायला निघाला तेव्हा मी खूप रडले. त्याने इथून पत्र लिहिलं, की मी तुला बीव्हरच्या कानात बसवलं आहे. समुद्राकडच्या कानात, म्हणजे तिथून तुला घर दिसेल." त्या हसल्या. "मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, समुद्रापलीकडे माझा चेहरा एका खांबावर आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. मी मात्र साठ वर्षांची होईपर्यंत ठेवला."

"मग आहे?" ईराने विचारलं.

"नाही गं. परवा कळलं. मुलं रडायची थांबावीत म्हणून मोठी माणसं असं काहीतरी म्हणतात. मामा तसा नव्हता असं वाटायचं, एवढंच."

वहिनींनी माझ्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं होतं. त्याच्या भोवती तेल तडतडत होतं ते मला दिसत होतं. मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, शाळेत चूक कबूल करताना उभं राहायची सवय असेल. माझं इंग्रजी तेव्हा बेतास बात होतं, त्यात सगळं विस्कटलं. मी म्हटलं, मी तिथे पाहिलंच नाही. मी घडी घातली. त्या बाजूला मी जे काढलंय ते लाकडावर पाहून काढलेलं नाही. कानापाशी काहीतरी होतं, एवढं, आणि मी अंगठा दाखवला. मला वाटलं गाठ. मी बघितलं नाही.

शिरीषदादांनी चमचा खाली ठेवला. वहिनी मराठीत म्हणाल्या, "अगं, काय बोलतेयस तू?" मार्था माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतःचा अंगठा वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे नव्हतं असं नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही."

"माहीत नाही," त्यांनी पुन्हा म्हटलं. त्या रडत होत्या का, हे मी नीट सांगू शकत नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी पान पुढे केलं आणि वहिनींकडे आणखी लोणी मागितलं.

सोमवारी मी सेन्सेईंना सांगितलं. ते उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले. मग म्हणाले, "भोकं मी पाहिली होती. वाटलं, तुमच्याकडची मोजायची पद्धत असेल." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद भिंतीवरून उतरवला, माझ्यापुढे ठेवला आणि खोडरबर दिलं. "जे पाहिलं ते ठेव. जे पाहिलं नाही ते काढ." मी दुपारपर्यंत खोडत होते. समुद्राकडच्या बाजूला एक भुवई उरली, एक दात, गालाचा तुकडा आणि कानाच्या जागी मी तुटक रेषेने काढलेला अंगठ्याएवढा एक गोल. बाकी कोरं. ज्या कलेत सांध्यासांध्याला आकार असतो आणि जागा उगाच मोकळी सोडत नाहीत, तिच्यावर मी एवढी मोकळी जागा आणून ठेवली होती.

त्यानंतर चार दिवस सेन्सेई, मार्था आणि मी चुऱ्याच्या पिशव्या उघडून पांढऱ्या ताटल्यांत चिमट्याने निवडत बसलो. तांदूळ निवडतात तसं. सेन्सेईंनी त्या दिवसांत मला कामाखेरीज एक शब्दही म्हटला नाही, पण दुपारी तीन डबे त्यांनीच आणले. चेहरा सापडला नाही. नखाएवढा एक तुकडा सापडला, त्यावर निळसर हिरव्या रंगाचा कण होता. तो कशाचाही असू शकत होता आणि मार्थांनीच तसं म्हटलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुरे." खांब पुन्हा उभा करायचा नाही असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्यांच्याकडे खांब पडला की पडू देतात, त्यावर गवत येतं, रोपं येतात. सेन्सेई, ज्यांनी जन्मभर लाकूड कुजू दिलं नव्हतं, म्हणाले, "पण कुजेल तो." मार्था म्हणाल्या, "हो." खांब संग्रहालयाच्या मागच्या बागेत आडवा ठेवला, समुद्राकडची बाजू समुद्राकडेच करून.

शिष्यवृत्ती त्या वर्षी वाढली नाही. अर्जात जे घडलं ते मीच लिहिलं, सेन्सेईंनी त्यात एक शब्द बदलला नाही. त्यांनी मला काढूनही टाकलं नाही. मी शिकत राहिले आणि सकाळी जेवणाचे डबे भरायच्या एका कारखान्यात काम धरलं. सरकत्या पट्ट्यावरून भाताचे डबे येत आणि प्रत्येक भातावर अगदी मधोमध एक खारवलेलं लाल फळ ठेवायचं, एवढंच माझं काम. शेजारची जपानी आजी म्हणायची, "तुझं नेहमी बरोबर मधोमध पडतं गं!" वहिनींनी त्या महिन्यांत भाडं मागितलं नाही, आणि मी विषय काढला की म्हणायच्या, "ईराचं मराठी कुठवर आलं ते सांग आधी." माझी पदवी वर्षभर उशिरा झाली. ती या माणसांमुळे झाली, त्यात माझा वाटा मी जेवढा समजते त्याहून कमीच आहे.

आण्णांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांना हैदा, संग्रहालय यातलं काही कळणार नाही असं वाटून मी थोडक्यात सांगितलं: एक कोरीव खांब होता, एक बाजू सडलेली, मी घडी घातली. आण्णांनी ऐकून घेतलं. मागे रंधा चालू होता, भाऊ काम करत असावा.

"खांबावर काय हुतं?" त्यांनी विचारलं. "वेल का द्येव?"

"देव नव्हे आण्णा. त्यांच्या घराण्याची खूण असती. पन त्यात एक लहान पोरगी हुती म्हनं, कानात."

"मग घडी कशाला घातलीस?" आण्णा म्हणाले.

उत्तरासाठी ते थांबले नाहीत, आईला फोन दिला आणि आईने विचारलं की जेवलीस का.

आता मी लाकूड शिकवते. सेन्सेई निवृत्त होताना त्यांनी तो कागद मला दिला, गुंडाळी करून. तो माझ्या खोलीत कपाटात असतो. नवे विद्यार्थी आले, खांब आणि देवळं यांची नोंद कशी घ्यायची हे शिकवायची वेळ आली, की मी तो काढते आणि खिडकीच्या काचेवर धरते. पेन्सिल खोडता येते, सुईची भोकं खोडता येत नाहीत. उजेड आला की कोऱ्या बाजूला बीव्हर उमटतो, ठिपक्याठिपक्यांचा, डोळ्यासकट, कानासकट, नीट, सुंदर. दर वर्षी कुणीतरी पुढे येतं आणि आनंदाने म्हणतं, "मॅडम, दिसतंय की! ही बाजू अशी होती तर."

"नाही," मी सांगते. "ती तशी नव्हती. हे माझं आहे."

मग मी कागद काचेवरून खाली घेते, आणि ती बाजू पुन्हा कोरी होते.